मिश्र माध्यमातील मोठ्या डोळ्यांची बाहुली: हे डोळे उसने वाटू नयेत म्हणून काय करावे?

प्रश्न: शहापूरची_ठकी

नमस्कार. मी बेळगावच्या शहापूर भागात राहते, एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात मिश्र माध्यमात काम करते. गेल्या दीड वर्षापासून मोठ्या डोळ्यांच्या बाहुलीची एक मालिका चालू आहे. दोन फूट बाय दीड फूट प्लाय, त्यावर जेसोचे (रंगाखाली देण्याच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात, वडगावच्या यंत्रमागांवरून आणलेल्या साड्यांच्या काठांचे तुकडे, रद्दीत मिळालेल्या कन्नड आणि मराठी अंकलिपीची पाने आणि मधोमध एक बाहुली, जिचे डोके धडाला पेलणार नाही इतके मोठे आणि डोळे चेहऱ्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग व्यापणारे, अशी साधारण मांडणी आहे. आतापर्यंत अकरा चित्रे झाली.

गेल्या महिन्यात एका स्थानिक प्रदर्शनाच्या निवडीसाठी त्यांतील तीन दिली होती. ती परत आली. परत येण्याचे फारसे वाईट वाटले नाही. निवड करणाऱ्यांपैकी एका ज्येष्ठ चित्रकारांनी दिलेले कारण मात्र मनातून जात नाही. ते म्हणाले, "बाई, हे भेटकार्डावरचे डोळे आहेत. साडीचा काठ चिकटवला म्हणून बाहुली बेळगावची होत नाही." घरी येऊन मी अकराही चित्रे भिंतीला टेकवून ओळीने ठेवली आणि समोर बसून पाहिले, तेव्हा त्यांचे म्हणणे अगदीच खोडून काढता येईना. अकराही बाहुल्या ओलसर, किंचित वर वळलेले डोळे करून माझ्याकडे काहीतरी मागत असल्यासारख्या पाहत होत्या.

माझी मूळ बाहुली भाचीकडच्या एका जपानी बनावटीच्या बाहुलीवरून सुचली, हे प्रामाणिकपणे सांगते. तेव्हा या प्रतिमेचा इतिहास काय आहे, तिच्यावर कोणाचा हक्क पोहोचतो का, आणि तिला आपल्याकडच्या कामात खरोखर जागा आहे का, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. शिवाय एक निव्वळ कामाची अडचण आहे. तीन चित्रांत मी डोळ्यांवर रेझिनचे (ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या द्रवाचे) फुगीर थेंब बसवले होते. एका पावसाळ्यात त्यांवर पांढुरकी साय आली, खिडकीजवळच्या चित्रातले थेंब तर पिवळे पडले आणि खालचा कागद फुगला.

उत्तर: निपाणीकर

ताई, त्या ज्येष्ठांची बाजू आधी समजून घेऊ. बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्यामुळे वास्तवदर्शी व्यक्तिचित्रणाची शिस्त रुजली. चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले. त्या शिस्तीत तयार झालेल्या नजरेला मुद्दाम प्रमाण बिघडवलेला चेहरा पाहिला की पहिली शंका ड्रॉइंगचीच येते. पण "भेटकार्डावरचे डोळे" हा शब्द त्यांनी नेमका वापरला आहे, कारण या डोळ्यांचे एक मूळ खरोखरच स्वस्त छापील चित्रांत आहे.

१९६० च्या दशकात अमेरिकेत मार्गारेट कीन यांनी काढलेल्या मोठ्या, उदास डोळ्यांच्या मुलांच्या चित्रांच्या छापील प्रती घराघरांत गेल्या. चित्रे त्या काढीत आणि नाव त्यांचे पती वॉल्टर लावीत. वेगळे झाल्यानंतर १९७० मध्ये त्यांनी हे उघडपणे सांगितले, आणि १९८६ मध्ये होनोलुलूच्या न्यायालयात न्यायाधीशांनी दोघांनाही तिथेच चित्र काढून दाखवण्यास सांगितले. वॉल्टर यांनी खांदा दुखत असल्याचे कारण पुढे केले. मार्गारेट यांनी ५३ मिनिटांत मोठ्या डोळ्यांचे मूल काढून दिले. ज्युरीने त्यांना ४० लाख डॉलर देवविले. समीक्षकांनी मात्र या चित्रांना अखेरपर्यंत बाजारू म्हणूनच हिणवले, आणि चित्रे पाहिली तर त्यांचे सगळेच चुकले असे मला म्हणता येत नाही.

तुमच्या भाचीकडची बाहुली बहुधा ब्लाइथ किंवा तिच्याच वळणाची असावी. ब्लाइथ जन्माने अमेरिकन आहे. केनर या कंपनीने ती १९७२ मध्ये काढली आणि एका वर्षात बंद केली. तिच्या डोक्यामागे एक दोरी असे. ती ओढली की डोळे मिटत आणि उघडताना बुबुळांचा रंग बदललेला असे, असे चार रंग होते. पुढे जवळजवळ तीस वर्षे ती अडगळीत गेली. २००० च्या सुमारास जीना गॅरन यांनी या जुन्या बाहुलीला गावोगावी नेऊन काढलेली छायाचित्रे प्रसिद्ध झाली, आणि २००१ पासून जपानच्या टाकारा कंपनीने तिची नवी आवृत्ती बाजारात आणली. म्हणजे आपण जिला जपानी समजतो ती अमेरिकेत नाकारली गेलेली आणि जपानमार्गे परत आलेली बाहुली आहे.

तिसरे नाव जपानी चित्रकार योशितोमो नारा यांचे, आणि तुमच्या कामासाठी मला हेच सर्वांत उपयोगी वाटते. त्यांचे २००० सालचे 'नाइफ बिहाइंड बॅक' हे चित्र २०१९ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात सुमारे साडेएकोणीस कोटी हाँगकाँग डॉलरला गेले. चित्रात लाल झग्यातली, मोठ्या डोक्याची मुलगी रागाने पाहत उभी आहे. सुरी कुठेही दिसत नाही. एक हात पाठीमागे आहे आणि बाकीचे काम शीर्षक व ती नजर मिळून करतात. डोळे कीन यांच्या मुलांइतकेच मोठे, पण त्यांच्याकडे पाहून कोणी "अरे बाळा" म्हणणार नाही.

कोनराड लॉरेंझ या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने १९४३ मध्ये मांडले होते की मोठे कपाळ, चेहऱ्यात खाली बसलेले मोठे डोळे आणि गुबगुबीत गाल दिसले की माणसाच्या मनात आपोआप वात्सल्य जागे होते. चित्रकाराला ही माया फुकटात मिळते. तुमच्या चित्रांत ती घेतली आहे आणि तिच्या बदल्यात पाहणाऱ्याला काही दिलेले नाही, असे मला तुमच्याच वर्णनावरून वाटते. माझे मत स्पष्ट सांगतो: ओले डोळे या मालिकेतून पूर्णपणे काढून टाका.

हक्काबद्दल थोडक्यात. मोठे डोळे ही कल्पना कोणाच्याही मालकीची नाही. कॉपीराइट कल्पनेला नसतो, तिच्या विशिष्ट अभिव्यक्तीला असतो. परंतु कारखान्याच्या बाहुलीचा चेहरा जसाच्या तसा उतरवणे, तिचे छायाचित्र कापून कोलाजमध्ये लावणे किंवा तिचे नाव शीर्षकात घालून चित्र विकणे यात गुंतागुंत होऊ शकते. भाचीची बाहुली कपाटात ठेवा आणि न पाहता काढा.

उत्तर: शाडूचा_हात

ताई, मी चित्रकार नव्हे. गणपतीच्या मूर्ती करणे हा आमचा घरचा धंदा, आणि गेली बावीस वर्षे डोळ्यांची आखणी माझ्याकडे आहे. वरची सगळी माहिती वाचून ज्ञानात भर पडली; मी फक्त ब्रशाचे सांगतो.

तुमच्या बाहुल्या मागत असल्यासारख्या का दिसतात, हे चित्र न पाहताही सांगता येईल. बुबुळाच्या खाली पांढरे दिसत असणार. माणूस खालून वर पाहतो तेव्हाच बुबुळाखाली पांढरे उघडे पडते, म्हणजे लहान मूल मोठ्यांकडे पाहते तेव्हा, किंवा हात पसरणारा देणाऱ्याकडे पाहतो तेव्हा. त्यातच बुबुळाच्या खालच्या कडेला दुसरी चमक दिली असेल, तर डोळ्यात पाणी साठल्याचा भास होतो. छापील चित्रांत ही खालची चमक हमखास असते.

आमच्याकडे उलट चालते. मूर्ती उंचावर बसणार आणि पाहणारा खाली, म्हणून नजर किंचित खाली झुकवावी लागते. बुबुळाचा वरचा भाग पापणीत गेलेला पाहिजे. बुबुळ वरच्या पापणीला न टेकता मधोमध तरंगत राहिले, तर मूर्ती दचकल्यासारखी दिसते. नवीन मुलांच्या हातून हीच चूक होते. आखणी झाली की मूर्ती पाटावर ठेवायची, आपण समोर जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि मान वर करून पाहायचे. टेबलावर समोरासमोर बरोबर वाटलेली नजर पुष्कळदा तिथे चुकलेली सापडते. मंडळाच्या मोठ्या मूर्तीला तर शिडीवरून उतरून, दहा पावले मागे जाऊन पाहावे लागते. दोन डोळ्यांसाठी पंधरा वेळा चढउतार होते.

रंगाबाबत तीन गोष्टी सांगतो. डोळ्याचा पांढरा निव्वळ पांढरा ठेवू नका, त्यात पिवळ्या मातीचा रंग आणि काळ्याचा लहानसा ठिपका मिसळा. निव्वळ पांढरा फक्त चमकेसाठी राखून ठेवा, म्हणजे ती उठते. वरच्या पापणीची रेघ जाड आणि एका दमात ओढलेली असावी. मध्ये श्वास घेतला की ती थरथरते आणि ते थरथरणे नंतर कितीही सारवले तरी झाकत नाही. दोन्ही डोळ्यांतील चमक एकाच बाजूला ठेवा. मी डोळे पहाटेच करतो, आणि त्या वेळी घरात कोणी माझ्याशी बोलत नाही.

उत्तर: मलप्रभाकाठ

मोठे डोळे बाहेरून आले, हे गृहीत धरून वरची चर्चा चालली आहे, म्हणून लिहितो. पश्चिम भारतातील जैन पोथ्यांची चित्रे पाहा: चेहरा पाऊण बाजूने काढलेला आणि पलीकडचा डोळा गालाची रेषा ओलांडून बाहेर आलेला. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथीत, म्हणजे चित्रे दाखवून गोष्ट सांगण्याच्या परंपरेत, एका बाजूने काढलेल्या चेहऱ्यात समोरून पाहिल्यासारखा मोठा डोळा बसवलेला असतो. कर्नाटकाच्या चामड्याच्या बाहुल्यांतही डोळा असाच मोठा असतो आणि पडद्यामागच्या दिव्याने तो उजळतो.

याहून जवळचे उदाहरण म्हणजे आपल्या भागातला जोकुमार. भाद्रपदात गणपती होऊन गेले की बायका टोपलीत कडुलिंबाचा पाला अंथरून, त्यात मातीचा जोकुमार बसवून दारोदार येतात, गाणी म्हणतात आणि त्याच्या तोंडाला लोणी लावले जाते. घरची बाई सुपातून धान्य घालते. लहानपणी मी त्या टोपलीजवळ जायला घाबरत असे. ओल्या मातीचे तोंड, पीळदार मिशी आणि वटारलेले दोन डोळे. आठवड्याभराचे आयुष्य असलेला तो देव कोणाचीही करुणा भाकत नव्हता. आमची आई त्याच्या टोपलीतला कडुलिंबाचा पाला घेऊन धान्याच्या कणगीत टाकीत असे, आणि मी दाराआडून पाहत असे.

दुसरे उदाहरण रोजच्या रस्त्यावरचे आहे. नव्या बांधकामावर टांगलेली दृष्टीची बाहुली, जिला आपले कन्नड शेजारी दृष्टी गोंबी म्हणतात, तिचे डोळे का मोठे असतात? येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आधी तिच्यावर पडावी आणि तिने ती परतवावी, म्हणून. आपल्याकडच्या मोठ्या डोळ्याला हे काम नेमून दिलेले आहे. तो पाहणाऱ्याकडे उलट पाहतो. भेटकार्डावरच्या डोळ्याला काम नाही, त्याला फक्त आवडून घ्यायचे आहे. तुमच्या ज्येष्ठांना हाच फरक खटकला असावा, जरी त्यांनी तो शब्दांत मांडला नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी, असे सुचवतो. हे वाचून जोकुमाराची मिशी, नवसाचे चांदीचे डोळे आणि लिंबू-मिरची असे सगळे एका प्लायवर चिकटवले, तर साडीच्या काठाचीच चूक दुसऱ्या सामानाने केल्यासारखे होईल. नवसाचे डोळे कोणाच्या तरी आजारपणाशी बांधलेले असतात. ते सराफाकडून आणून कोलाजमध्ये लावणे मला तरी रुचणार नाही. वस्तू आणू नका, नजर आणा.

उत्तर: टिळकवाडी_चौकट

मी चित्रांच्या चौकटी करतो, त्यामुळे पावसाळ्यानंतरच्या तक्रारी माझ्याकडेच येतात. कामाच्या अडचणीचे उत्तर राहिले आहे, ते देतो.

पांढुरकी, किंचित चिकट साय येते ती इपॉक्सी रेझिन घट्ट होत असताना हवेतील दमटपणामुळे. कोमट पाण्याने व मऊ कापडाने पुसली तर बहुतेक निघते, पण कागदावरच्या कामात पाणी जपून वापरा. जून ते सप्टेंबर बेळगावात रेझिन ओतूच नये, हे सर्वांत सोपे. पिवळेपणा उन्हातील अतिनील किरणांचा असतो. तो परत जात नाही. रेझिन आणि हार्डनर (ते घट्ट करणारा दुसरा द्रव) अंदाजाने मिसळले तरी थेंब नरम राहतात, म्हणून डब्यावर लिहिलेले प्रमाण वजनाचे आहे की मापाचे, ते पाहून घ्यावे.

थेंबाऐवजी काच वापरून पाहा. सपाट पाठीचा, भरीव, फुगीर काचमणी बुबुळाच्या चित्रावर चिकटवला तर तो भिंगासारखे काम करतो: बुबुळ मोठे दिसते आणि आपण बाजूला सरकलो की नजर आपल्यामागे येते. घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे मिळणारी जुनी फुगीर काच स्वस्त पडते, पण ती पातळ असल्याने मोठे करून दाखवत नाही, आणि आत पोकळी राहत असल्याने कडा नीट बंद न केल्यास आतून वाफ धरते.

कागद फुगला तो पांढऱ्या गोंदामुळे असेल. सुकलेला साधा पांढरा गोंद दमट हवेत पुन्हा नरम पडतो. त्याऐवजी ॲक्रिलिक जेल मीडियम (ॲक्रिलिकचे दाट, बिनरंगी माध्यम) घ्या, अंकलिपीच्या पानाला दोन्ही बाजूंनी हात द्या आणि पूर्ण वाळल्यावर चिकटवा. जुना छापील कागद आम्लामुळे तपकिरी होतच राहतो, या थरांमुळे तो वेग थोडा कमी होतो. मध्येच तैलरंग वापरत असाल तर तो ॲक्रिलिकच्या वर चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक टिकत नाही. प्लायच्या पाठीला आणि चारही कडांना वॉर्निश हवे. चौकट भिंतीला चिकटून बसू नये म्हणून मागे चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावा, हवा खेळली की बुरशी धरत नाही.

शहापूरची_ठकी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते.

सात क्रमांकाचे चित्र घेऊन त्याचे डोळे पॉलिश पेपरने घासून काढले. घासताना हात धजत नव्हता. शाडूचा_हात यांनी सांगितल्याप्रमाणे बुबुळ वर पापणीत घातले, खालची चमक काढली आणि पांढऱ्यात पिवळी माती मिसळली. डोळ्याचा आकार तसूभरही बदलला नाही, तरी तीच बाहुली एकदम मोठ्या वयाची दिसू लागली. दुसऱ्या चित्रात भरीव काचमणी बसवले. भाचीने ते पाहिले आणि पलंगावर चढून, खाली वाकून, दाराआडून अशी पाच-सहा ठिकाणांहून तपासणी करून सांगितले की ही कुठूनही बघते.

निपाणीकर सरांचे एक म्हणणे मात्र मला मान्य नाही. ओले डोळे पूर्णपणे काढावेत असे ते म्हणतात. अकरांतली एक बाहुली मी आजी गेली त्या आठवड्यात केली होती. तिचे डोळे ओले आहेत आणि तसेच राहतील. मात्र बाकीच्या दहांनी तिचे रडणे उसने घेतले होते, हे आता कळते. शिवाय आजीची एक लाकडी ठकी आमच्या कपाटात आहे. तिचा एक डोळा वापरून पुसला गेला आहे आणि दुसरा काळाभोर शाबूत आहे. इतकी वर्षे ती रोज दिसत असून मी भाचीच्या बाहुलीवरून काम का करीत होते, याचे उत्तर माझ्याकडे नाही. बारावे चित्र त्या एका डोळ्याचे करते आहे, साडीचा काठ न लावता.

सातवे चित्र वाळण्यासाठी बाहेरच्या खोलीत ठेवले होते. आईने ते मला न विचारता उचलले आणि बाहेरच्या दारावर, लिंबू-मिरचीच्या वर टांगले. काढू देत नाही. तिथे पावसाचे शिंतोडे येतात, त्याचे काय करावे?

टिळकवाडी_चौकट

ताई, पागोळ्यांपासून हातभर आत घ्या. पाठीच्या वॉर्निशचा आणखी एक हात द्या आणि खालच्या दोन कोपऱ्यांतले बुचाचे तुकडे वरच्यांपेक्षा पातळ ठेवा, म्हणजे चित्र थोडे पुढे झुकेल. पाणी खाली ओघळून जाईल, आणि नजरही अंगणात उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येईल.